एकमताने

चिटणीसबाईंनी ठराव वाचून संपवला, आणि टाळ्या थांबायच्या आत मागच्या बाकावरच्या इस्त्रीवालीने हात वर केला.

ठराव सरळ होता. दवाखान्यांच्या चादरी धुणारी ही लाँड्री तिथे राबणाऱ्या चौतीसजणींच्याच मालकीची होती. दर वर्षी चिठ्ठ्या टाकून त्या आपला अध्यक्ष निवडायच्या, आणि गेली चौदा वर्षं ताईच निवडून येत होत्या. मग त्यासाठी एक दुपार यंत्रं बंद कशाला ठेवायची? गेल्या वर्षी तर मत द्यायला जेमतेम अकराजणी आल्या होत्या. तेव्हा यापुढे निवडणूक नको, ताईंनीच कायम अध्यक्ष राहावं. आज मात्र ताईंचा सत्कार म्हणून झाडून सगळ्या आल्या होत्या.

‘‘अनुमोदन देतेस ना?’’ चिटणीसबाईंनी कौतुकाने विचारलं.

‘‘नाही. विरोध आहे माझा.’’

घडी घालायच्या लांब टेबलाभोवती सगळ्या वळून तिच्याकडे बघायला लागल्या. सगळ्यांत जुन्या मावशी आवाज न चढवता म्हणाल्या, की खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, हे ऐकलं होतं, आज बघितलं. मावशींचं म्हणणं सगळ्यांना कळलं. दोन वर्षांपूर्वी इस्त्रीवाली पाठीच्या दुखण्याने सात महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची जागा ताईंनी दुसरीला दिली नाही. काम तुंबतंय अशी कुरकुर सुरू झाली, तर ताई स्वतः रोज दोन तास तिच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. हातावर चटका बसला, त्याचा डाग अजून होता.

इस्त्रीवालीला हे बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिचा वर केलेला हात मोजायला नको, ठराव एकमताने मंजूर असंच लिहू या, अशी वाट चिटणीसबाईंनी काढली. ताईंनी नकारार्थी मान हलवली. ‘‘थांब जरा. तिला बोलू दे.’’

चारचौघींत बोलायची सवय इस्त्रीवालीला नव्हती. ती टेबलाच्या कडेकडे बघत बोलली.

‘‘ताई, तुम्ही माझ्यासाठी उभ्या राहिलात, त्याची परतफेड माझ्याच्याने व्हायची नाही. वर्षातून एकदा तुमच्या नावाची चिठ्ठी टाकते, तेवढंच काय ते माझ्या हातात आहे. उद्या तीही बंद झाली, तर तुम्ही अध्यक्ष राहाल, पण त्यात माझं काही नसेल.’’

एवढं बोलून ती खाली बसली. पुढे काय होईल, हे तिला कळत नव्हतं. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, एवढाच विचार तिच्या डोक्यात आला.

ठरावाची कुणकुण लागल्यापासून ताई मनातून सुखावल्या होत्या. बहिणीला फोन करून सांगूनही झालं होतं. त्यांनी चिटणीसबाईंच्या हातातून कागद घेतला, त्याची चार घड्या घातल्या आणि चिठ्ठ्यांचा डबा काढायला सांगितला. दुसरं कुणी उभंच नाही, मग मत कशावर द्यायचं, असं चिटणीसबाई म्हणाल्या.

‘‘माझ्यावर. मी हवी की नको, एवढं लिहा. नाव घालू नका.’’

चौतीस चिठ्ठ्या पडल्या. टेबलावरच मोजल्या गेल्या. हवी एकोणतीस, नको पाच.

पाच म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मावशींनी मान वळवून इस्त्रीवालीकडे बघितलं, आणि मग बाकी चौघी कोण असतील म्हणून एकेकीचा चेहरा न्याहाळायला लागल्या. ताईंनी त्यांना थांबवलं. कुणी कुणाकडे बघायचं नाही, म्हणाल्या. त्यांच्या हातात त्या पाचांतली एक चिठ्ठी होती आणि ती त्या दुसऱ्यांदा वाचत होत्या. पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत, जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं. ताईंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

‘‘नको. वाळवणीच्या खोलीत चार वर्षं वारा नाही. दुपारी चक्कर येते. तुमचे उपकार आहेत म्हणून तोंडावर सांगवत नाही.’’

सभा संपली. यंत्रं पुन्हा सुरू झाली, बायका आपापल्या जागी गेल्या. जाता जाता ताई इस्त्रीच्या टेबलाशी थांबल्या. इस्त्रीवालीने न विचारताच सांगितलं, की ती चिठ्ठी आपली नव्हे, आपण ‘हवी’च लिहिलं.

‘‘ठाऊक आहे मला,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पण ती आली तुझ्यामुळे.’’ त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो पटकन सोडला नाही.

मग त्या वाळवणीच्या खोलीत गेल्या. आतल्या दोघीजणी गडबडून उठल्या, तर त्यांना त्यांनी खुणेनेच बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दाराच्या काचेतून बाहेरच्यांना दिसत होतं, की ताईंचा चेहरा लालबुंद झालाय, घामाने पाठ भिजलीय, आणि खिडकी कुठे पाडता येईल, ते बघत त्या तळहाताने भिंत चाचपत पुढे सरकताहेत.