मयतीचा सीन

“आजी, साधं काहीतरी नेसता का? एखादं जुनं, विटलेलं?” रुद्रेश अगदी अजिजीने म्हणाला. “पांढरं कॅमेऱ्यात फार चमकतं.”

धुरपताबाई इस्त्रीची पांढरीशुभ्र साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. उमरीतल्या त्यांच्या घराला टाइल्स होत्या, रंग होता. पण या पोराने कॅमेरा नेमका मागच्या पडक्या भिंतीसमोर लावला होता. पोरगा वाईट नव्हता. लातूरचा, पुण्यात शिकलेला. चाळीस वर्षांपूर्वी याच गावात सुरू झालेल्या आणि कधीच पुऱ्या न झालेल्या एका सिनेमावर तो माहितीपट करत होता. ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांचा आवाज मला हवाय, असं आल्यापासून तो चारदा म्हणाला होता. आवाज हवा होता, साडी तेवढी नको होती.

“काय काय दाखवनार हायस?” त्यांनी विचारलं.

त्याने लॅपटॉप पुढे केला. पडद्यावर एक जुना फोटो आला. पांढरी लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या चाळीसेक बाया. सगळ्यांत पुढे धोंडाबाई, धुरपताबाईंची आई. तिला खेटून वीस वर्षांच्या त्या स्वतः. घरात आईचा एकही फोटो नव्हता. अलीकडे तिचा चेहरा आठवायला डोळे मिटून बसावं लागायचं, आणि इथे ती डोळे रोखून समोर बघत होती.

फोटोखाली अक्षरं उमटली. ‘मयतीच्या दृश्यासाठी बसलेल्या गावातल्या दलित स्त्रिया. दिग्दर्शकाच्या आजारपणामुळे चित्रपट अपुरा राहिला.’

“यातल्या आता गावात तुम्ही एकट्याच आहात,” रुद्रेश म्हणाला. “तुमची मुलाखत नसेल, तर हा फोटोही काढून टाकावा लागेल.”

धुरपताबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. आई पडद्यावर येणार असेल, तर एका जुन्या साडीने काय बिघडतं? त्यांनी एक विटलेली साडी बाहेर काढलीही. मग त्यांना स्वतःचाच संताप आला. साडी परत कोंबून त्या बाहेर आल्या, खुर्ची उचलली आणि घराच्या दारासमोर नेऊन ठेवली.

“हिकडं फिरव तुझा क्यामेरा.”

रुद्रेशने कॅमेरा फिरवला.

“त्या फोटूत कुनी मेलेलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पिच्चरवाल्यानं सांगितलं, सगळ्या बाया या, पिच्चरात घेतो. आमी जयंतीला नेसायची पांढरी लुगडी काढली. नीळ दिली, खळ दिली. आमाला वाटलं, आता जग बघनार हाय आमाला. त्यानं आमच्यापुढं फाटक्या लुगड्यांचं गाठोडं टाकलं. माय म्हनली, असलं आमच्यात कुनी नेसत न्हाई. तो म्हनला, मंग तुमी कोन हाव ते लोकायला कसं कळंल?”

रुद्रेशने हळूच लॅपटॉप मिटला.

“माय तितंच क्यामेऱ्याम्होरं बसली. मंग सगळ्याच बसलो. तुझा फोटू त्याचाच हाय. तीन दिवस. कामावर कुनी गेली न्हाई. शेतवाल्यायनं लई शिव्या दिल्या, तरी हाललो न्हाई. चवथ्या दिवशी त्याची गाडी मुंबईला माघारी गेली.”

त्यांनी पदर सारखा केला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

“आजारी-बिजारी कुनी नव्हतं बाबा. ते पिच्चर आमी बंद पाडलं. आता सांग, तुझं बी पाडू का?”