न उघडलेली पुस्तकं

शब्दकोशाचा पहिला फटका अनसूयेच्या डाव्या कानावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला ती कपाटावर आदळली.

"ओला पेला ठेवतेस? पुस्तकावर?" तिचा नवरा शशिकांत दातओठ खात ओरडला. "दिल्लीची माणसं येतायत आता. तोंड धुऊन ये. आणि त्यांच्यासमोर एक शब्द बोलायचा नाही."

बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या त्या फ्लॅटमध्ये चार हजार जुनी पुस्तकं होती. शशिकांतने ती तीस वर्षं जमवली, पुसली, ओळीने लावली. उघडलं मात्र एकही नाही. उघडलं की शिवण सैल होते, म्हणायचा. सोसायटीत त्याला ग्रंथमहर्षी म्हणत. महर्षी कसला, राक्षस होता! एका पुस्तकावर धूळ दिसली म्हणून त्याने बायकोचं मनगट मोडलं होतं.

अकरा वाजता राष्ट्रीय वारसा संग्रहाची अधिकारी संजना दोन सहकाऱ्यांसह आली. शशिकांतने हसत हसत दानपत्रावर सही केली. यादीतली सगळी पुस्तकं देशाची झाली. त्याची छाती फुगली.

अनसूयेच्या कानामागून रक्त ओघळत होतं.

"बाथरूममध्ये पडली," तो म्हणाला.

संजनाने हाताशी आलेलं पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं. ती वाचू लागली. "'बारा मार्च. आमटी खारट. याच पुस्तकाने मारलं. दात पडला.'" तिने दुसरं उघडलं. "'दिवाळीचा पाडवा. ओवाळायला उशीर. पट्टा.'" तिसऱ्यातही तेच अक्षर होतं.

शशिकांत पांढराफटक पडला. मग झेपावला. अनसूयेचे केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"खोड! सगळं खोड, आत्ताच्या आत्ता!"

दोघा सहकाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. संजनाने पोलिसांना फोन लावला.

"यातलं एक अक्षरही तुम्हाला आता खोडता येणार नाही," ती म्हणाली. "सही केलीत तुम्ही. हे जसंच्या तसं जपलं जाईल. देशभर वाचलं जाईल."

खाली पडलेला शब्दकोश तिने उचलला. यादी चाळली.

"हा यात दिसत नाही. याची नोंद राहिली वाटतं."

अनसूयेने तो तिच्या हातातून घेतला. मांडीवर उघडला.

"आजचीच राहिलीय," ती म्हणाली. "पेन्सिल देता?"