सासूबाईंचा गालिचा

सासूबाईंनी गोबीच्या वाळवंटातून आणलेल्या गालिच्याला मेंढ्यांचा दर्प येतो म्हणून सोलोंगोनं नववर्षाचे पाहुणे यायच्या आत तो लिंबाच्या वासाचं लिक्विड ओतून गुपचूप घासून काढला. रांगत्या बाळाच्या तळहातांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले, तेव्हा ती सासूबाईंवरच घसरली, “आई, ती मेंढीची चरबी बाळाला चोळणं आधी बंद करा.” म्हातारीनं त्यानंतर नातवाला हातही लावला नव्हता. आज डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहून एवढंच विचारलं, “हा रांगतो कशावर? ते कशानं धुता?” सोलोंगो मान खाली घालून घरी परतली. इमारतीखाली सासूबाई गालिचा बर्फावर पालथा पसरून काठीनं बडवत होत्या. “माझंच चुकलं गं, या गालिच्यातली धूळच बाधली पोराला,” धापा टाकत त्या म्हणाल्या. मग त्यांनी मूठभर बर्फ उचलून हुंगला. “काय गं, तुमच्या शहरातल्या बर्फाला लिंबाचा वास येतो?”