स्टेंटवरच्या एकोणीस रेषा

तीन वर्षांपूर्वी कालिंदीच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटच्या तारेवर पेशींचा थर होता, ०.०८ मिलिमीटर जाड, आणि त्यात एकोणीस काळ्या रेषा होत्या. रक्तवाहिनीत सोडलेल्या प्रकाशामुळे त्या पडद्यावर स्वच्छ दिसत होत्या. जिवाच्या भीतीने हृदयाला धसका बसला की एक रेषा उमटे, आणि यंत्र तिच्यासमोर तारीख छापी.

"हिची छाती दुखते म्हणे! नाटक कंपनी नुसती," क्ष-किरणांपासून बचावाचा शिशाचा एप्रन घातलेला विलास म्हणाला. बायकोचं नाटक उघडं पाडायला ही तपासणी त्यानेच हट्टाने करायला लावली होती. "डॉक्टर, वाचा की मोठ्याने."

डॉ. तांबोळी वाचू लागल्या. "चार मे. अकरा मे."

"चारला यांनी माझा हात मोडला," तपासणीच्या टेबलावरून कालिंदी हळूच म्हणाली. "अकराला गळा..."

"गप्प बस!" विलासने सलाइनचा स्टँड उचलून पडद्यावर घातला. काचा तिच्या पायांवर उडाल्या. दुसरा घाव डॉक्टरांच्या खांद्यावर बसला. धावत आलेल्या दोन रखवालदारांनी त्याला फरशीवर दाबून धरलं.

"घरी चल, मग दाखवतो तुला!" तो खालूनच कालिंदीवर ओरडला.

तीन वर्षं कालिंदी प्रत्येक दवाखान्यात 'पाय घसरून पडले' असंच सांगत आली होती.

"डॉक्टर, पोलिसांना बोलवा," ती म्हणाली. "मी तक्रार देणार आहे."