सूर्यभानच्या वाटणीची भाकर

हार गळ्यात पडला तरी माणिकबाईने हात मागे घेतला नाही. तिने जनरलसाहेबांची बाही धरली. शिपायाची आई म्हणून हार घालायचा मान तिला दिला होता. अमरावतीच्या मैदानात कुणाला हे अपेक्षित नव्हतं.

"सायेब, माहा सूर्यभान तुमच्याच फौजेत होता. ब्रह्मदेशात. त्याचं काय झालं, तेवढं सांगा."

फौज मागे फिरली तेव्हा शेवटचा शिपाई नदीपार होईपर्यंत हे साहेब काठावर उभे होते. प्रत्येक जवानाचं नाव त्यांना तोंडपाठ, अशी त्यांची ख्याती. माणिकबाईच्याही कानावर ती आली होती.

सूर्यभान बेपत्ता असल्याचा कागद येऊन वर्ष होत आलं होतं. फौजदार दोनदा घरी विचारपूस करून गेला, भला माणूस. तेव्हापासून माणिकबाई रोज पोराच्या वाटणीची भाकर थापायची आणि फडक्यात बांधून मळ्यात न्यायची.

"येवढ्या भाकरी काहून वं माय?" शेजारची वच्छला विचारायची.

"पाखरायले."

वच्छला डोळ्यांना पदर लावायची. आईच्या वेड्या आशेला औषध नाही, असं गाव म्हणायचं.

साहेबांनी टोपी काढली, डोळे मिटले. कारकुनाने यादी पुढे केली, ती त्यांनी हाताने दूर सारली.

"सूर्यभान माळी. याद है, माँ. शेर था. मेरी आँखों के सामने गिरा. मैंने अपने हाथों से मिट्टी दी."

"पक्कं, सायेब? दुसरा कोनी नसन ना?"

"मैं अपने जवान नहीं भूलता."

माणिकबाई मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. साहेबांचेही डोळे भरले. मनाने मोठा माणूस, त्यात शंकाच नाही. त्यांनी तिथल्या तिथे कारकुनाला यादीतलं 'बेपत्ता' खोडायला लावलं. फौजदार मान खाली घालून उभा होता.

दुपार कलताना ती मळ्यात पोचली. शेवंतीचे वाफे ओलांडून कुडाच्या खोपीत शिरली, फडकं सोडलं आणि भाकर पुढे सरकवली.

"घे रे सूर्यभान, जेव पोटभर. आता तुले कोनी पकडाले येत नाही. सायबानं आज सोताच्या हातानं माती देल्ली तुले."