वस्तुरूप मदत

आपद्‌ग्रस्तांचा स्वाभिमान जपणं हे समाजाचं आद्य कर्तव्य आहे, असं परिसंवादाच्या फलकावर लिहिलं होतं. त्या परिसंवादासाठीच मंगल कार्यालयात दोन महिने राहणाऱ्या दरडग्रस्तांना सकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं होतं.

अनुसयाबाई तेवढ्या व्यासपीठावर होत्या, दरडग्रस्तांच्या प्रतिनिधी म्हणून. घरात, म्हणजे शेडमध्ये, सुनेचे दिवस भरले होते. गावातला एकजण खोली भाड्याने द्यायला तयार होता, पण आगाऊ रक्कम उद्यापर्यंत हवी होती.

"सरकारने रोख पैसे वाटले तर यांची कष्टाची सवय मोडेल," निवृत्त प्राचार्य म्हणाले. "मदत वस्तूंचीच हवी!" टाळ्या पडल्या.

"सायेब, चादरी एकोणीस झाल्यात," अनुसयाबाई म्हणाल्या. "अंथरायला खोली तेवढी नाही. बाळंतीण काय शेडात ठिऊ?"

"पाहा, मागण्या संपतच नाहीत," प्राचार्य हसून म्हणाले. सभागृहही हसलं आणि रोख मदतीला विरोध करणारा ठराव हसत-खेळत मंजूर झाला.

मग रिवाजाप्रमाणे वक्त्यांना शाल, श्रीफळ आणि पाकीट. प्राचार्यांनी पाकीट तिथंच उघडून पाहिलं आणि ते आयोजकांवर उखडले. "अहो, चेक काय देता? रोख म्हणालो होतो ना!" आयोजकांनी ओशाळून खिशातून नोटा काढल्या.

पाकिटात खोलीपुरतं निघेल, या आशेनं अनुसयाबाईंनीही पदर सावरून हात पुढे केला.

"मावशी, तुमचं ठरावाप्रमाणे," आयोजक म्हणाले.

विसावी चादर सोलापुरी होती.