पायी कावून?

फाट्यापर्यंत जायचं, परत यायचं, मध्ये कुठं टेकायचं नाही, अंगाला घाम फुटला पाहिजे. डॉक्टरांनी केसरबाईंना तीनदा बजावलं होतं. बीपीच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या, तरी वरचा आकडा काही एकशे ऐंशीच्या खाली उतरत नव्हता. "झपझप चाला आजी. नाहीतर हृदयाचं काही खरं नाही."

दिवस उगवायला त्या निघाल्या. दोन शेतं मागं पडली तोच शेजारी मोटरसायकल थांबली. भावकीतला मुंजाजी.

"काकी, पायी कावून? बसा."

"बसायचं न्हाई बाबा. डाक्टरनं चालायला सांगितलंय."

"आन् धोंडीरामदादाला कळलं तर? सरपंचाची आई पायी, आन् मुंज्या फटफटीवर! गाव थुंकंल माझ्यावर."

"मी सांगते त्याला. जा तू."

मुंजाजी गेला नाही. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि ढकलत त्यांच्या बरोबरीनं चालू लागला. रस्ता चढाचा, गाडी जड. बिचाऱ्याला मागं टाकून पुढं जाणं बरं दिसेना. केसरबाईंनी पाऊल आखडतं घेतलं.

मग सायकलला दुधाचे कॅन अडकवून आसाराम आला. त्याच्यानंही पुढं जाववेना, तोही उतरला. भागवत आला तो ट्रॅक्टर घेऊन. ट्रॅक्टर काही ढकलता येत नाही, म्हणून तो पहिल्या गियरात मागं मागं येत राहिला.

"जावा की रं, कामं न्हाईत का तुमाला?"

"कामं कुठं पळून चाललीत? तुमी चाला काकी. लई निवांत चाला."

अंगावर घामाचा टिपूस नव्हता. छातीत मात्र धडधडायला लागलं होतं.

कडेच्या रानात कापूस वेचणारी विमलबाई थबकली. पुढं केसरबाई, मागं माना खाली घालून चाललेले गडी, त्यांच्या मागं रखडत येणारा ट्रॅक्टर. तिनं पदर डोक्यावर घेतला, ओटीतला कापूस सावरत बांधावर आली आणि हळूच विचारलं,

"कोण वारलं हो आक्का?"

केसरबाईंनी एकदा मागं वळून पाहिलं.

"अजून कुणी न्हाई."